आठ दिवसांत उजळणारी ट्यूब

वांग बाईच्या गालावर येतो आणि कारणं सगळं गाव सांगतं. रक्त कमी आहे, पोटात उष्णता आहे, पित्त चढलंय. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर काळपट-तपकिरी डाग उमटले, तेव्हा आमच्या सोनई गावात हे सगळं मी ऐकलं. सासूबाईंनी दुधात जायफळ उगाळून दिलं. त्याने डाग हलले नाहीत, चेहऱ्याची आग मात्र झाली. मग मेडिकलमधून एक छोटी ट्यूब आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

आठ दिवसांत चेहरा असा उजळला की जावा-नणंदा ट्यूबचं नाव विचारू लागल्या. धोका इथेच असतो, हे मला सगळ्यांना सांगायचं आहे. त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड होतं. अशा तीन औषधांच्या मिश्रणाची पद्धत १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी मांडली, आणि त्वचारोगतज्ज्ञ आजही ती वापरतात. पण काही आठवड्यांपुरती, रात्री, लक्ष ठेवून. महिनोन्महिने लावत राहिलं की कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, गालांवर लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा पेटतो. चुलीपुढे भाकरी टाकताना मला डोळ्यांत पाणी यायचं. ट्यूब पुन्हा लावली की तासाभरात थंड. बाई त्या ट्यूबला बांधली जाते ती अशी.

स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली आणखी कडक केला. दुकानाच्या काउंटरवर तो किती पाळला जातो, हे आपण सगळे पाहतोच.

नगरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी ट्यूब पाहिली, मग चेहरा. त्यांनी समजावलं ते असं: त्वचेला रंग देणाऱ्या पेशी जास्त काम करू लागल्या की वांग दिसतो. त्यांना चेतवतात ऊन, गरोदरपणातले आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांमुळे होणारे हार्मोनचे बदल, आणि घराण्याची ठेवण. आईला वांग असेल तर मुलीला येण्याची शक्यता जास्त. कांद्याची लागण, उसातली खुरपणी, शिंगणापूरच्या वाटेवर दिवसभर मांडलेलं दुकान, आमच्या भागातल्या बायांची सगळी कामं उन्हातच. म्हणून पहिलं औषध सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं, घाम आला की पुन्हा. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं मिळालं तर उत्तम, कारण डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो. शेतात असाल तर त्यावर रुमाल घट्ट बांधा.

उपचार हळू चालतात, त्याला इलाज नाही. पोटात बाळ असताना हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन नको. त्या वेळी डॉक्टर अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड देऊ शकतात. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी काहींना फरक पडतो, पण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास स्वतःला किंवा घरात कुणाला असेल, तर तो आधी सांगायलाच हवा. आपल्या सावळ्या कातडीवर लेसरने डाग उलट गडद होऊ शकतात, त्यामुळे जाहिरात पाहून घाई नको.

बिननावाच्या डबीतल्या गोरेपणाच्या क्रीमपासून तर दूरच राहा. २०२३ साली अकोल्यातल्या एका घरातल्या तरुण मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार झाला. ब्यूटिशियनकडून आणलेली क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली, तेव्हा तिच्यात पारा निघाला. पारा त्वचेचा रंग तयार होण्याचं काम अडवतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो, आणि तो रक्तात उतरून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. अशा क्रीममध्ये त्याला दहा लाखांत एक भागाहून जास्त परवानगी नाही.

आता कुणी महिनोन्महिने माझ्यासारखी स्टेरॉइडची ट्यूब लावत असेल, तर घाबरून एकदम बंद करू नका. डॉक्टर टप्प्याटप्प्याने सोडवतात. जाताना ट्यूब खोक्यासकट बरोबर न्या, म्हणजे आतलं औषध कोणतं ते त्यांना नक्की कळेल.