‘मी वाचलो’

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. शेवटच्या तासाला सातवीची मुलं वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलतात. सक्ती नाही. ज्याला वाटेल त्याने उठावं, जे डोक्यात राहिलं असेल ते सांगावं आणि बसावं. एका शनिवारी एक मुलगी उठली. एरवी हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे तिचा आवाज वर्गात ऐकू येत नाही. ती म्हणाली, “टीचर, मी ‘वनवास’ वाचलो.”

दारात तिचा मामा उभा होता. पाहुण्यांकडे वास्तुशांत होती, म्हणून तिला लवकर न्यायला आला होता. चांगला माणूस. भाचीच्या अभ्यासाची चौकशी करायला येणारा, फी वेळेवर भरणारा. तो तिथूनच म्हणाला, “अगं, वाचलो काय? वाचलं म्हण. मराठी शाळेत शिकतीस नव्हं?” वर्ग हसला. मुलगी खाली बसली, दप्तर भरलं आणि मामाच्या मागून गेली.

ती काय सांगणार होती, ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. पालकहो, त्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी मराठी शिकवते. ‘मी पुस्तक वाचले’ हे रूप त्या मुलीला येतं, पेपरात ती ते बरोबर लिहिते. पण बेळगाव-निपाणीकडे आपण घरात कसं बोलतो? ‘मी चहा पिलो’, ‘मी काम केलो’. बायकाही ‘मी येतो हं’ म्हणून निरोप घेतात. कानडीत क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, कर्माकडे बघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्यावर आपल्या बोलीने तीच चाल घेतली. मूल पेपर लिहिताना पुस्तकी भाषा वापरतं, पण मनातलं सांगायला लागलं की घरच्या बोलीत उतरतं. म्हणजे ते ‘वाचलो’ म्हणालं, तर ते मनातलं सांगायला निघालं आहे असं समजा. त्या क्षणी आपण व्याकरण दुरुस्त केलं की वाक्य सुधारतं आणि सांगणं थांबतं. व्याकरणाला सोमवार आहे, मंगळवार आहे. ते काम माझं, मी करते.

आणि या बोलीची लाज कशाला? पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. त्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब बेळगावचेच आणि आपल्याच कानडी वळणाचं मराठी बोलणारे. अख्खा महाराष्ट्र त्यांचं बोलणं प्रेमाने ऐकतो, पुन्हा पुन्हा ऐकतो. तेच बोलणं आपल्या मुलाच्या तोंडून आलं की मात्र आपण त्याला चारचौघांत गप्प करतो. हे मला फार लागतं.

पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर ती मुलगी टेबलाजवळ आली. हे तिला विचारूनच लिहिते आहे. तिचे आईवडील गोव्यात कामाला, ती आज्जीकडे असते. ‘वनवास’मधला लंपनही आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. ती म्हणाली, “टीचर, त्याला आईची आठवण येत्या, खरं तो कुणाला सांगत नाही. मी पण सांगत नाही. पुस्तकात लिहिलेलं बघून मला वाटलं, मी एकटीच नाही.” नंतर जरा थांबून म्हणाली, “तो सगळं मोजतो बघा. मी पण मोजतो. आई यायला किती दिवस राहिले ते.”

एवढंच. तिच्या मामाला हे ठाऊक नव्हतं, आज्जीलाही नव्हतं. आईला रोज फोन व्हायचा, त्यात जेवलीस का आणि अभ्यास केलास का एवढंच यायचं. मुलीच्या मनातली ही गोष्ट बाहेर आली ती एका पुस्तकामुळे, आणि तीही एक आठवडा उशिराने.

लंपन आपल्याच मुलखातला. त्याचे लेखक प्रकाश संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, आणि इंदिराबाईंचं बरंचसं आयुष्य तर बेळगावातच गेलं. ‘वनवास’ १९९४ साली आलं. मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. या पुस्तकांत आपल्याकडचे कानडी शब्द आहेत, आपल्याकडची गावं-घरं आहेत. पुण्या-मुंबईची मुलं हे वाचताना अर्थ विचारत असतील. आपल्या मुलांना विचारावं लागत नाही.

सहावीतला एक मुलगा भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ वाचत होता. मला वाटलं, चोर-दरोडेखोरांबद्दल काही सांगेल. त्याने विचारलं, “टीचर, फुरसुंगी खरंच हाय काय?” म्हटलं, आहे, पुण्याजवळ. बराच वेळ तो विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आमचं गाव बी पुस्तकात येतंय की.” त्याला मी आपल्याकडच्याच एकसंबा गावाचं नाव सांगितलं. जी. ए. कुलकर्णींचा जन्म १९२३ साली तिथला, बालपण बेळगावातलं. इतक्या गंभीर कथा लिहिणाऱ्या माणसाने लहान मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली, हेही सांगितलं. आता तो मुलगा बिम्मच्या शोधात आहे. पुस्तकाबद्दल त्याला एक गोष्टही धड सांगता आली नसती असं तुम्ही म्हणाल. मला विचाराल तर त्या वर्षी माझ्या वर्गात कुणी इतका मोठा प्रश्न विचारला नव्हता.

आता तुमच्या प्रश्नांकडे येऊ. मूल पुस्तक मिटतं तेव्हा घरात बहुधा तीनच प्रश्न असतात. किती पानं झाली? काय बोध घेतलास? आणि तिसरा, अभ्यास झाला का? यातला एकही प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नसतो, हे मी जाणते. पण बोध विचारला की मूल ताबडतोब खोटं बोलायला शिकतं. ‘नेहमी खरे बोलावे’, ‘प्राण्यांवर दया करावी’ अशी उत्तरं त्याच्याकडे तयार असतात. ती दिली की आपण खूश होतो आणि त्याला खरोखर काय आवडलं ते कायमचं आत राहतं. डॅनियल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने, तोही शिक्षकच, १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. त्यातला पहिलाच हक्क न वाचण्याचा. पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही त्यात आहे. पानं गाळण्याचा आहे. आणि शेवटचा, वाचलेल्याबद्दल गप्प बसण्याचा. आपण मोठी माणसं हे सगळे हक्क बिनधास्त वापरतो. मुलाने पुस्तक अर्ध्यावर टाकलं की मात्र म्हणतो, “एक काम पुरं करत नाहीस.”

‘अवांतर वाचन’ हा शब्दही मला खटकतो. अवांतर म्हणजे मुद्द्याबाहेरचं. एकदा तो शब्द घरात रुळला की गोष्टीचं पुस्तक हातात घेतलेलं मूल चोरी केल्यासारखं बसतं. तुमची काळजी खरी आहे. पुढे दहावीची एसएसएलसी आहे. मराठी घरची, कानडी राज्याची आणि इंग्रजी पोटाची, अशा तीन भाषा आणि तीन लिप्या आपली मुलं लहानपणापासून ओढतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांवर तिसऱ्या लिपीचं हे ओझं नाही. पण मी इतकी वर्षं पाहते आहे, आवडीने वाचणारं मूल तिन्ही भाषांत लवकर रुळतं. कानडी गोष्टीचं पुस्तक वाचून ते मराठीत सांगत असेल तर सांगू द्या. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी बेळगावच्याच. दोन भाषांच्या शेजारात वाढल्याचं त्यांनी सोनं केलं.

निपाणीकडच्या एका आईने मात्र मला निरुत्तर केलं होतं. विड्या वळून घर चालवणारी बाई. पालक सभेला आली तीही सूप मांडीवरून खाली ठेवून, धावत. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, मला अक्षर येत नाही. पोरगी पुस्तकातलं सांगाय लागली तर मी तिच्याशी काय बोलू?”

तेव्हा मला सुचलं नाही. नंतर क्यूबाबद्दल वाचलं आणि त्या बाईची आठवण झाली. हवानामध्ये सिगार वळणाऱ्या कारखान्यांत १८६५ साली एक पद्धत सुरू झाली. कामगार रांगेने बसून तंबाखू वळायचे आणि एक माणूस उंच जागी बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. वर्तमानपत्र, मग कादंबऱ्या. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून द्यायचे. पुढे काय वाचायचं तेही तेच ठरवायचे. मॉन्टेक्रिस्टो हे सिगारचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलं. केरळात कन्नूरकडे विडी कामगारांतही असंच मोठ्याने पेपर वाचायची प्रथा होती. म्हणजे हात तंबाखूत आणि कान गोष्टीत, ही काही नवी जोडी नाही. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनीच पुस्तकांवर जोरजोरात वाद घातले.

त्या आईला मी पुन्हा भेटले तेव्हा हेच सांगितलं. तुम्ही पान कापा, जर्दा भरा, दोरा बांधा, आणि पोरीला शेजारी बसून वाचू द्या. काही विचारायचं असेल तर एवढंच विचारा, “मग पुढं काय झालं?” तिने ते केलं. महिन्याभराने मुलीने वर्गात सांगितलं, “आई म्हणाली, त्या गोष्टीतली सासू बरोबर होती, लेखकालाच कळलं नाही.” वर्गात त्यावर जो वाद झाला, त्याला मधली सुट्टीही पुरली नाही.

निपाणीत महादेव मोरे होऊन गेले. पिठाची गिरणी चालवत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. ड्रायव्हर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बाया हीच त्यांची माणसं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या गिरणीवर दळण घेऊन गेलेल्या किती आयांना माहीत होतं की पलीकडे पिठाने माखलेला माणूस आपल्यासारख्यांबद्दलच लिहितो आहे? मोठ्या मुलांना त्यांची एखादी कथा घरात मोठ्याने वाचू द्या. तुमच्याच गल्लीतली माणसं भेटतील.

पुस्तकं कुठून आणायची, हा प्रश्न आता फार मोठा नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. शहरात काही कामाने जाल तेव्हा मुलाला एकदा तिथे न्या, कपाटांमधून हिंडू द्या. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक फोनवर फुकट वाचता येतात. आणि थंडीत आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा अशा गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. हा मान दुसऱ्या कुठल्या भागाला क्वचितच मिळाला असेल. ग्रंथदिंडीत आपली मुलं नटूनथटून लेझीम खेळतात, पालखीपुढे नाचतात. पुस्तकाच्या दुकानाशी आपण त्यांना घेऊन जातो आणि निवड मात्र आपणच करतो. या वर्षी शंभर रुपये मुलाच्या हातात द्या आणि चार पावलं मागे उभे राहा. भुताचं पुस्तक उचललं तर उचलू दे. आणि संमेलनं भरवणाऱ्या मंडळींनाही माझी विनंती आहे. दिवसभराच्या भाषणांतून अर्धा तास काढून त्या लेझीम खेळणाऱ्या मुलांतल्या चौघांना माईकपुढे उभं करा आणि त्यांना आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलू द्या. पाठ केलेलं नको, त्यांचं त्यांना बोलू द्या. १९५६ पासून आपण सीमाभागातली माणसं या भाषेसाठी रस्त्यावर उतरतो आहोत. त्या भाषेत आपलं मूल स्वतःचं काय बोलतं, ते बसून ऐकायला आपल्याला सवड काढायलाच हवी.

मामाचं सांगायचं राहिलं. मी त्याला बोलावून घेतलं नाही, काही सुनावलंही नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी तो आपणहून आला, मागच्या बाकावर अवघडून बसला. भाची त्या दिवशी ‘शारदा संगीत’बद्दल बोलत होती. “मी हे दोनदा वाचलो,” ती म्हणाली. मी मामाकडे पाहिलं. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि काही बोलला नाही.

शनिवारी शेवटचा तास सव्वाअकराला सुरू होतो. दार उघडंच असतं. या, मागे जागा आहे.