ओल्या रस्त्यावरील पकड आणि मोटारीची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, वसई तालुक्यात चिंचोटी हे ठिकाण आहे. पूर्वी आठ क्रमांकाने ओळखला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा झाला आहे. भिवंडीकडून कामणमार्गे येणारा रस्ता चिंचोटीस त्याला मिळतो. पूर्वेस तुंगारेश्वरची डोंगररांग असल्याने पावसाळ्यात डोंगरावरचे पाणी वेगाने खाली येते, आणि या पट्ट्यात महामार्गावर पाणी साचल्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. वळणारे मालट्रक, धबधब्याकडे निघालेले पर्यटक, दुचाकीस्वार आणि भरधाव मोटारी अशी सर्व प्रकारची वाहतूक येथे ओल्या रस्त्यावर एकत्र येते. मोटारीतील ब्रेकची नवी इलेक्ट्रॉनिक साधने काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, हे समजून घेण्यास असे ठिकाण योग्य उदाहरण आहे.

पकड म्हणजे काय?

मोटार कितीही मोठी असली, तरी तिचा रस्त्याशी संबंध केवळ चार ठिकाणी येतो. प्रत्येक टायरचा सुमारे तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. वेग वाढविणे, थांबविणे व वळविणे ही तिन्ही कामे या चार तळहातांमधील घर्षणावरच अवलंबून असतात. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर हे घर्षण जितके असते, त्याच्या जवळजवळ निम्मे ते ओल्या रस्त्यावर राहते. टायर झिजलेले असल्यास ते आणखी घटते.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यातच ती २२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबण्यास कोरड्या रस्त्यावर सुमारे ३२ मीटर, तर ओल्या रस्त्यावर सुमारे ६३ मीटर लागतात. म्हणजे पावसात एकूण ८५ मीटर झाले. हाच वेग ६० किलोमीटरवर आणला, तर ओल्या रस्त्यावरील एकूण अंतर सुमारे ५२ मीटर भरते. वेग एक चतुर्थांशाने कमी केल्याने तेहेतीस मीटर वाचतात. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यामागील कारण होय.

चाक जखडले की काय होते?

घाबरून ब्रेक जोरात दाबल्यास चाक फिरायचे थांबते, पण मोटार थांबत नाही. ती घसरू लागते. घसरणाऱ्या टायरला दिशा राहत नाही. चालकाने सुकाणू कितीही फिरविले, तरी पुढील चाके जखडलेली असल्यास मोटार सरळच जात राहते. मागील चाके जखडली, तर मोटार स्वतःभोवती फिरते.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखविता येईल. खेळण्यातील मोटारीची पुढील दोन्ही चाके चिकटपट्टीने जखडून ती गुळगुळीत, उतरत्या फळीवरून सोडावी. ती सरळ खाली घसरत येते. नंतर पुढील चाके मोकळी करून मागील जखडावीत. आता मोटार वाटेतच गर्रकन फिरते आणि मागचा भाग पुढे करून खाली येते. फिरणारे चाक दिशा धरून ठेवते आणि जखडलेले चाक दिशा सोडते, हा धडा विद्यार्थ्यांच्या मनात यामुळे पक्का बसतो.

चाके जखडू न देणारी यंत्रणा

या दोषावर उपाय म्हणून अँटी-लॉक ब्रेक यंत्रणा पुढे आली. तिला संक्षेपाने एबीएस म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेली इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा १९७८ साली मर्सिडीझच्या मोटारीत प्रथम बसविण्यात आली.

तिचे मुख्य भाग तीन आहेत. प्रत्येक चाकापाशी त्याचा वेग मोजणारा संवेदक असतो. चारही संवेदकांकडून येणारी माहिती एक छोटा संगणक सतत पडताळतो. तिसरा भाग विजेवर चालणाऱ्या झडपा व पंप यांचा असून तो ब्रेकच्या तेलाचा दाब कमीजास्त करतो. एखाद्या चाकाचा वेग इतरांच्या मानाने एकदम घसरू लागला, तर ते जखडण्याच्या बेतात आहे हे संगणक ओळखतो. मग त्या चाकाकडे जाणारा दाब प्रथम रोखला जातो, गरज पडल्यास सोडला जातो आणि चाक पुन्हा फिरू लागताच परत दिला जातो. हे चक्र एका सेकंदात अनेक वेळा घडते. चालकाला ते पायाखालच्या थरथरीवरून आणि गुरगुर अशा आवाजावरून कळते.

ही थरथर बिघाडाची खूण नव्हे. ती जाणवताच पाय उचलणे ही मोठी चूक ठरते. जुन्या मोटारीत ब्रेक थांबून थांबून दाबण्याची शिकवण योग्य होती, कारण ते काम तेव्हा चालकाच्या पायालाच करावे लागे. एबीएस असलेल्या मोटारीत ब्रेक जोराने दाबून धरावा आणि सुकाणूने अडथळा चुकवावा. संकटकाळी मोटार वळविता येणे, हाच या यंत्रणेचा मुख्य लाभ होय.

स्थैर्य नियंत्रण

पुढील टप्पा इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रणाचा. ही यंत्रणा १९९५ साली मोटारींत आली. एबीएस केवळ ब्रेक दाबल्यावर कामास लागते. स्थैर्य नियंत्रण मात्र ब्रेक न दाबताही जागे असते. सुकाणू किती फिरविले, यावरून चालकाला कोणीकडे जायचे आहे हे ते जाणते. मोटार स्वतःभोवती किती फिरत आहे व बाजूला किती ओढली जात आहे, हे सांगणारे वेगळे संवेदक असतात. इच्छित दिशा व प्रत्यक्ष दिशा यांत तफावत पडली, की यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि इंजिनाची शक्तीही कमी करते.

समजा, मोटार डावीकडे वळत आहे. पुढील चाके घसरून ती वळणाबाहेर जाऊ लागली, तर आतील बाजूच्या, म्हणजे डाव्या मागील चाकाला ब्रेक लागतो आणि मोटारीचे तोंड वळणाकडे ओढले जाते. उलट मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर बाहेरील बाजूच्या, म्हणजे उजव्या पुढील चाकाला ब्रेक लागून मोटार सावरते. माणसाला एकाच पायाने चार चाकांना चार प्रकारे ब्रेक लावता येत नाही. यंत्रणेला ते जमते.

१९९७ साली स्वीडनमधील एका मोटार नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत, अडथळा चुकविताना मर्सिडीझची एक नवी छोटी मोटार उलटली. त्यानंतर कंपनीने त्या मोटारीत स्थैर्य नियंत्रण सरसकट बसविले आणि या साधनाचे महत्त्व जगभर पटले. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींनाही तेव्हापासून ही अट लागू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या भारत एनकॅप या मूल्यांकन योजनेत तीन वा अधिक तारे मिळविण्यासाठी स्थैर्य नियंत्रण आवश्यक ठरविण्यात आले. वाहने व त्यांचे भाग यांच्या चाचण्या करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ सालापासून आपल्याच राज्यात, पुणे येथे कार्यरत आहे.

यंत्रणेची मर्यादा

या दोन्ही यंत्रणा पकड निर्माण करीत नाहीत. असलेल्या पकडीचा काटकसरीने उपयोग करतात. साचलेल्या पाण्यातून वेगाने जाताना टायरच्या खाचांना पाणी बाजूला सारणे जमले नाही, तर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. मग उपयोगात आणण्यास पकडच उरत नाही आणि संगणक हतबल होतो. सुट्या खडीवर तर एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. कारण जखडलेल्या चाकापुढे खडीचा ढीग साचून जो अडथळा होतो, तो फिरत्या चाकापुढे होत नाही.

अपघात झालाच, तर प्रवाशाला सावरण्याचे काम आसनपट्ट्याचे आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चिंचोटीच्या उत्तरेस चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मोटार आधुनिक व महागडी होती. परंतु मागील आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

कोणी काय करावे?

वाहनधारकाने किल्ली फिरविल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागून काही क्षणांत विझतो की नाही, हे रोज पाहावे. तो लागूनच राहिला, तर साधा ब्रेक लागेल, पण चाके जखडण्यापासून संरक्षण मिळणार नाही. टायरची खाच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलावा. पावसाळ्याच्या तोंडावर तर त्याआधीच बदलणे श्रेयस्कर. शासकीय वाहनांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांनी या दोन गोष्टींची नोंद मासिक तपासणीत घ्यावी.

पंचायत सदस्यांचा वाटाही मोलाचा आहे. गटार तुंबल्याने रस्त्यावर आलेले पाणी, शेतवाटेने किंवा डंपरच्या चाकांनी आलेला चिखल, खड्डे बुजविल्यावर मागे राहिलेली सुटी खडी या तिन्ही गोष्टी रस्त्याची पकड कमी करतात. पावसाळ्यापूर्वी गटारे साफ करून घेणे, पाणी साचण्याच्या जागा संबंधित विभागास लेखी कळविणे आणि खडी झाडून घेण्याचा आग्रह धरणे, ही कामे गावपातळीवर होऊ शकतात. मोटारीतील संगणक एका सेकंदात अनेक वेळा चाकाला सावरील. परंतु त्या चाकाखालील रस्ता स्वच्छ व पाण्याविना राखणे हे गावाचे आणि शासनाचे संयुक्त कर्तव्य आहे.