'सिझर' झालं, की बाळंत झाली?

बाळ झाल्याची बातमी आली की पाठोपाठ प्रश्न येतो, "नॉर्मल की सिझर?" शब्द इतका रुळलाय की तो परका वाटतच नाही. पण तो आला कुठून, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. शिकलेली माणसं म्हणतात, रोमचा ज्युलिअस सीझर तसा जन्मला म्हणून. घरातली आजी म्हणते, कात्री लावतात ना, म्हणून सिझर. गंमत अशी की आजीचं उत्तर मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे.

ज्युलिअस सीझरची आई ऑरेलिया इ.स.पू. ५४ मध्ये वारली. तेव्हा सीझर चाळिशी ओलांडलेला सेनापती होता. त्या काळात पोट कापलेली बाई एवढी वर्षं जगणं शक्यच नव्हतं. रोमन लेखक प्लिनी सांगतो ते सीझर घराण्यातल्या पहिल्या पुरुषाबद्दल: आईचं पोट कापून काढला म्हणून त्याला ते नाव पडलं. पुढं लोकांनी ही गोष्ट प्रसिद्ध सीझरला चिकटवली. लॅटिनमध्ये 'केडेरे' म्हणजे कापणे. इंग्रजी 'सिझर्स' हा कात्रीचा शब्दही मागं जाऊन त्याच धातूला मिळतो, 'इन्सिजन'सुद्धा. फ्रान्सच्या फ्रांस्वा रूसे या वैद्याने १५८१ मध्ये या प्रसूतीवर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच तिला 'सीझरची' प्रसूती म्हटलं. जर्मन लोक तर तिला थेट 'कायझर-छेद' म्हणतात. आपल्या मराठी बायबलमधला कर घेणारा कैसर आणि दवाखान्यातलं सिझर हे असे नात्यातले शब्द आहेत. ('केसरी' मात्र यात ओढू नका. तो संस्कृतातला सिंह आहे, त्याचा रोमशी काही संबंध नाही.)

आता मुद्द्याची गोष्ट. फार काळ ही शस्त्रक्रिया आई मेल्यावरच करायची असे. गर्भवती मेली तर पोटातलं मूल काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा रोमचा जुना कायदा होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही, गर्भिणी मेली आणि कुशीत हालचाल दिसली तर वैद्याने लगेच पोट चिरून मूल बाहेर काढावं, असं सांगितलंय. म्हणजे या प्रसंगात आई काही करत नसे. ती नव्हतीच. मूल जन्मत नसे, काढलं जाई.

भाषेनं हे पक्कं लक्षात ठेवलं. तेराव्या शतकातले कातालोनियाचे संत रेमंड यांच्याबद्दल परंपरा सांगते की आई गेल्यावर त्यांना पोटातून काढलं. म्हणून त्यांना 'नोन्नातुस' म्हणतात, म्हणजे 'न जन्मलेला'. आज तेच गर्भवतींचे आणि सुइणींचे आश्रयदाते संत आहेत! शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा (शिरवाडकरांनी मराठीत 'राजमुकुट' म्हणून आणलेल्या नाटकाचा) शेवट याच अर्थावर उभा आहे. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कुणीही मॅकबेथला मारू शकणार नाही, असं भाकीत असतं. मॅकडफला तर आईचं पोट फाडून अकालीच काढलेलं. म्हणजे तो त्या अर्थानं 'जन्मलेला' नाही. प्रेक्षकाला हा डाव पटतो, कारण तेव्हाच्या भाषेत कापून काढणं म्हणजे जन्म नव्हे.

१८८२ मध्ये जर्मनीच्या माक्स झेंगरने गर्भाशयाचा छेद नीट टाक्यांनी शिवण्याची पद्धत मांडली आणि आई वाचू लागली. भूल आणि निर्जंतुक शस्त्रक्रिया यांनी पुढचं काम केलं. वैद्यक बदललं. भाषा बदलली का?

आपली वाक्यं बघा. "वहिनी बाळंत झाल्या." कर्ता वहिनी. "सुखरूप सुटका झाली", सुटका वहिनींचीच. आता दुसरं: "डॉक्टरांनी सिझर केलं, बाळ काढलं." कर्ते डॉक्टर. वहिनी वाक्यात नाहीतच, सुश्रुताच्या त्या गर्भिणीसारख्या! व्याकरणातून बाहेर पडलेली बाई मग बोलण्यातूनही बाहेर पडते. "तिला काय, कळा कुठं सोसाव्या लागल्या?" हे वाक्य कितीतरी ओट्यांवर, कितीतरी बारशांना ऐकू येतं. पोटावर टाके, उठताना हात टेकावा लागतो, बाळाला पाजायला कुशीवर वळवत नाही. आणि वर हे ऐकायचं. कित्येकींना तर रात्रभर कळा सोसून मग ऑपरेशन झालेलं असतं.

'नॉर्मल' हा जोडशब्दही तितकाच खोडसाळ. एक नॉर्मल म्हटलं की दुसरं आपोआप बिघडलेलं ठरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन होत्या, आमच्या कर्नाटकात ३१.५ टक्के, तेलंगणात तब्बल ६०.७. हैदराबादच्या मराठी घरात मग 'नॉर्मल' कशाला म्हणायचं? हे आकडे एवढे का वाढले, त्यात गरज किती आणि सोय किती, हा वाद खरा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण तो दवाखान्याशी घालायचा, बाळंतिणीशी नव्हे.

नवा शब्द घडवायची मला घाई नाही. 'शस्त्रक्रियेद्वारे प्रसूती' अर्जात, अहवालात ठीक. तोंडात बसत नाही. 'सिझर' राहू दे, फक्त त्याला विभक्ती लावा: "वहिनी सिझरने बाळंत झाल्या." बेळगावात कन्नड शेजारीणही तिला 'बाणंती'च म्हणते, टाके असोत वा नसोत. शेक, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याचा आराम, सगळं दोघींना सारखंच लागतं. आणि फोनवर बातमी कळवताना "बाळंत झाली, दोघंही सुखरूप" एवढंच सांगितलं तरी बातमी पुरी होते.