टाइल नंतर बघ, आधी सांधे मोज

अगं, तू पाठवलेले फोटो पाहिले. ती छोटी, विटेच्या आकाराची हिरवी टाइल तुझ्या मनात भरलीय, हे न सांगताही कळतंय. रंग सुरेखच आहे. पण दुकानात पैसे भरण्याआधी माझं जरा ऐक. ओट्यामागची भिंत एकदा झाली की आपल्या घरांत पंधरा-वीस वर्षं तिला कुणी हात लावत नाही, आणि पुसायची मात्र रोज असते. सगळ्यांचं लक्ष टाइलच्या रंगाकडे असतं. तू आधी सांधे बघ.

वरणाचा कुकर लावल्यावर काय होतं आठव. शिट्टीबरोबर पिवळं पाणी उडतं, मागच्या टाइलवर बसतं आणि ओघळत खाली येतं. गुळगुळीत टाइलवरून ते फडक्याच्या एका हातात निघून जातं. वाटेत आडवा सांधा लागला की तिथे मात्र ते थबकतं आणि मुरतं. सांध्यात भरतात ते साधं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं, हळदही ओढतं आणि फोडणीचं तेलही. हळदीचा डाग उन्हाने तरी फिकट होतो, पण ओट्यामागे ऊन कुठलं यायला? तेल मुरलं की त्यावर धूळ चिकटते आणि पांढरी रेघ हळूहळू तपकिरी होत जाते. दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्यांचं तळण झालं की ती आणखी गडद.

आता हिशेब कर. तुझा ओटा 10 फूट, वरच्या कपाटांपर्यंतची भिंत 2 फूट. तुझी टाइल 3 बाय 6 इंचांची. म्हणजे 20 चौरस फुटांत 160 टाइल्स आणि आडवे-उभे मिळून 100 फुटांच्या वर सांधे. त्याच भिंतीवर 12 बाय 24 ची टाइल उभी लावलीस तर उंची एकाच टाइलमध्ये भरते. मधे आडवा सांधा एकही नाही. उभे सांधे सगळे मिळून 20 फूट. एवढा फरक आहे, बघ. 1904 साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिथल्या स्टेशनांच्या भिंतींना अशाच 3 बाय 6 च्या पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या. म्हणून आजही दुकानात तिला ‘सबवे’ म्हणतात. तिथे त्या शोभल्या, पण त्या भिंतींना रोजची मोहरीची फोडणी सोसायची नव्हती.

तरी तुला तीच हवी असेल तर माझी ना नाही. फक्त शेगडीमागे नको, खिडकीच्या बाजूला सुक्या भागात लाव. आणि सगळीकडेच लावायची असेल तर ग्राउट इपॉक्सीचं घे. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा ते बरंच महाग पडतं आणि मिस्त्री कुरकुर करतात, कारण ते पटकन घट्ट होतं. भरल्या भरल्या टाइलवरून पुसून घेतलं नाही तर चिकट थर तसाच राहतो. पण ते तेल-पाणी पीत नाही. रंग पांढराशुभ्र घेऊ नकोस, फिकट राखाडी किंवा टाइलच्या जवळचा घे.

12 बाय 24 म्हणतात ना, ती खरं तर 300 बाय 600 मिलिमीटर असते, म्हणजे फुटाला किंचित कमी. त्यामुळे 10 फुटांत 10 टाइल्स लागून शेवटी इंचभराची पट्टी उरते, आणि ती नेमकी दारातून आत येताच दिसते. मिस्त्रीला मधून सुरुवात करायला सांग, म्हणजे कापलेले मोठे तुकडे दोन्ही टोकांना सारखे येतील. हे काम सुरू होण्याआधी भिंतीवर पेन्सिलने आखून घे. मिक्सर, फिल्टर, चिमणी यांचे पॉइंटही तेव्हाच ठरव, टाइल लागल्यावर भोकं पाडत बसू नकोस.

दुकानदार ‘व्हिट्रिफाइडच घ्या, मॅडम’ म्हणेल. भिंतीला त्याची गरज नाही. साधी सिरॅमिक टाइल पाठीमागून पाणी शोषते हे खरं, पण पुढच्या चकचकीत थरातून काही आत जात नाही. उलट व्हिट्रिफाइडची पाठ पाणी शोषतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटवर ती नीट धरत नाही. तिला टाइलचं खास अॅडहेसिव्ह लागतं, तो खर्च वेगळा. खडबडीत मॅट मात्र टाळ. हातात छान लागते, पण तेलाचा चिकटा तिच्या खाचांत बसतो.

आणि मार्बल नको, अगदी खरा मार्बल तर नकोच. लिंबू, चिंच, कोकम यांचा थेंब पडला की चकाकी जाते.

दोन-तीन नमुने घरी मागून आण. दुकानातल्या झगझगीत दिव्यांत सगळंच गोड दिसतं. टाइल तुझ्या शेगडीमागे उभी कर, सकाळी बघ, रात्री ट्यूब लावून बघ. मग तेलात हळद कालवून तिच्यावर थेंब टाक, रात्रभर राहू दे आणि सकाळी नुसत्या ओल्या फडक्याने पूस. मला या चाचणीवर दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

मागवताना 10 टक्के जास्त घे आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना, ते टेम्पोतून उतरवतानाच तपास. बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्येही रंगाचा फरक पडतो, आणि भिंतीवर शेजारी शेजारी लागल्यावर तो डोळ्यांत खुपतो.

मिस्त्रीचं काम झालं की नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघ. पोकळ आवाज आला तर तेवढी काढून पुन्हा लावायला सांग, पैसे चुकते करण्याआधी. जाताना ते अॅसिडने भिंत धुऊन देतो म्हणतील. नको म्हण, सिमेंटचं ग्राउट त्याने खाल्लं जातं आणि नळही काळे पडतात. ओटा आणि टाइल जिथे मिळतात तिथे ग्राउटऐवजी सिलिकॉन भरून घे. तिथे ग्राउटला तडा जातो, पाणी आत शिरतं आणि झुरळं तिथूनच निघतात.

उरलेल्या चार टाइल्स खोक्यासकट माळ्यावर टाक. आणि शनिवारी भिंतीची मापं घेऊन मला पाठव, खिडकीखालची उंची वेगळी लिही.