एस्टेलाचा नकार

चि. ओंकार,


तिने नाही म्हटलं, तरी नोकरी लागून नाव झालं की तिचं मन वळेल, असं तू लिहिलंस. ते वाचल्यापासून मला 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला पिप आठवतो आहे. डिकन्सची ही कादंबरी 1860-61 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. पिप हा केंटच्या दलदलीकडचा, बहिणीच्या आणि तिच्या लोहार नवऱ्याच्या घरी वाढलेला अनाथ पोरगा. मिस हॅविशम नावाच्या श्रीमंत बाईंच्या वाड्यात वाढणारी एस्टेला त्याच्या राठ हातांवरून, जाड बुटांवरून त्याला हिणवते. त्या दिवसापासून त्याला आपल्या घराची, भट्टीची, जीव लावणाऱ्या जो भावोजींची लाज वाटू लागते. त्याची गावातली मैत्रीण बिडी त्याला विचारते, तुला जंटलमन व्हायचंय ते तिला खिजवायला की मिळवायला? त्याला उत्तर देता येत नाही. तुला येईल का, बघ.

प्रेम केलं हा पिपचा दोष नाही. एस्टेलाचाही मला दोष दिसत नाही. पुरुषांची मनं मोडावीत म्हणूनच हॅविशमबाईंनी तिला वाढवलं होतं. बाकीच्यांना ती झुलवते. पिपला मात्र वारंवार बजावते, माझ्यापाशी प्रेम नाही. तिने त्याला दिलेला हा सगळ्यात मोठा मान होता. तो नकाराला परीक्षा समजत राहिला. तू तसं करू नकोस रे. तिचं 'नाही' खरं मान.

पण मला जास्त सलतो तो जो. पिप जंटलमन व्हायला लंडनला गेल्यावर तो तिथे भेटायला येतो, तेव्हा पैसे देऊन त्याला टाळता आलं असतं तर टाळलं असतं, असं पिप स्वतःच सांगतो. पुढे पिप तापाने फणफणतो, कर्जापायी अटकेची वेळ येते, तेव्हा उशाशी जोच असतो. पिप बरा झाल्यावर तो न सांगता निघून जातो आणि मागे फेडलेल्या कर्जाची पावती सोडतो. जिने कधी होकारच दिला नाही, तिच्या नजरेने पिप या माणसाला जोखत आला होता.

मागच्या खेपेला तू दादाला हॉस्टेलच्या फाटकाशीच थांबवलंस. त्याने तक्रार केली नाही, वहिनीकडून कळलं. येत्या रविवारी तो वर्कशॉप बंद ठेवून पुन्हा येतो आहे. त्याला वर खोलीवर ने, मित्रांशी ओळख करून दे, आणि जेवल्याशिवाय सोडू नकोस.

तुझी,
आत्या