रब्बी मेइर व त्याचे गुरु

इसवी सनाच्या २ ऱ्या शतकांत पालेस्ताइन देशांत रब्बी मेइर नांवाचा थोर यहूदी पंडित होऊन गेला. शास्त्राच्या प्रती लिहून तो उदरनिर्वाह करी. रब्बी इश्माएल व रब्बी अकीबा हे त्याचे गुरु; पैकीं अकीबाचा रोमी सत्तेनें वध केला. तिसरा गुरु, अबूयाचा पुत्र अलीशा, धर्ममार्ग सोडून गेला. लोक त्याचें नांव टाळून त्यास 'दुसरा' म्हणूं लागले. मेइरानें मात्र त्याजपाशीं शिकणें सोडिलें नाहीं.

तल्मूदांत कथा आहे कीं, एका शब्बाथवारीं अलीशा नियम मोडून घोड्यावरून चालला होता व मेइर पाठ ऐकत मागून पायीं जात होता. वाटेंत गुरूनें त्यास माघारें फिरण्यास सांगितलें. कारण शब्बाथवारीं नगराबाहेर २,००० हातच चालण्याची मोकळीक असे, व ती मर्यादा येथें संपल्याचें त्यानें घोड्याच्या पावलांवरून मोजिलें होतें. शिष्यानें विनविलें, "आपणही माघारें फिरावें." गुरु फिरला नाहीं.

मेइरानें डाळिंबाचे दाणे खाऊन साल टाकिली, असें पुढील पंडितांनीं म्हटलें आहे. विद्यार्थिमित्रहो, गुरूच्या ठायीं उणें दिसतांच आम्ही त्याची विद्याही टाकितों, अथवा विद्येसंगें दोषही उचलितों. मेइरानें दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. आणि गुरूस परत बोलाविण्यासही तो चुकला नाहीं.