विमानतळावरील रेस्टॉरंट कोण उभारते?

विमानतळावरील उंची रेस्टॉरंटची रचना व उभारणी हे काम वास्तुकला, अंतर्गत रचना, अभियांत्रिकी आणि हॉटेल व्यवस्थापन या चार विद्याशाखांच्या सीमेवर येत असल्याने त्यासाठी स्वतंत्र पदवी नाही, आणि नेमके याच कारणाने ते अनेक पालकांना बेभरवशाचे वाटते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल २००८ मध्ये सुरू झाले तेव्हा शेफ गॉर्डन रॅमसे यांचे ‘प्लेन फूड’ तेथे उघडले. मुंबईचे नवे टर्मिनल २०१४ मध्ये आणि नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये खुला झाल्यानंतर हे काम आता महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या दाराशी आले आहे.

सुरक्षा तपासणीपलीकडच्या भागाला ‘एअरसाइड’ म्हणतात. तेथे प्रत्येक कामगाराला प्रवेशपत्र लागते, हत्यारांची नोंद आत जाताना आणि बाहेर येताना होते, तोडफोड बहुधा रात्री वर्दळ ओसरल्यावरच करावी लागते, आणि वेल्डिंगसारख्या ठिणग्या उडणाऱ्या कामासाठी ‘हॉट वर्क परमिट’ ही लेखी परवानगी घ्यावी लागते. उघड्या ज्योतीवर अनेक ठिकाणी निर्बंध असल्याने स्वयंपाकघर विजेच्या शेगड्यांवर चालवायचे ठरते, म्हणजे मेनूचा निर्णय काही अंशी विद्युत अभियंत्याच्या हाती जातो.

खरी कसोटी मात्र सांडपाण्याची असते. सांडपाण्याच्या नळाला ४० फुटांत १ फूट उतार द्यायचा असेल, तर ८ मीटर लांबीत तो २० सेंटिमीटर खाली उतरतो. खालच्या मजल्यावर सामानाचे पट्टे फिरत असतील तर स्लॅबला भोक पाडून त्यांच्यावरून नळ नेण्याची परवानगी मिळणे दुरापास्त, म्हणून स्वयंपाकघराची जमीनच उचलावी लागते, आणि २० सेंटिमीटरची ती चढण १२ ला १ या प्रमाणात केली तरी २.४ मीटरचा रॅम्प भोजनकक्षाची जागा खातो. संगमरवर आणि झुंबरे यांचा विचार त्यानंतरचा; चाकांची बॅग टेबलाशेजारी मावते का आणि बसल्या जागेवरून उड्डाणांचा फलक दिसतो का, हे प्रश्नही त्यांच्या आधी येतात.

या क्षेत्राकडे वळणाऱ्याने प्रथम एक भक्कम मूळ पदवी घ्यावी, हेच शहाणपणाचे. बारावीला गणित व भौतिकशास्त्र असणाऱ्यांना ‘नाटा’ किंवा जेईई मेनच्या दुसऱ्या पेपरद्वारे पाच वर्षांच्या बी.आर्क.ला प्रवेश घेता येतो; १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झालेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावता येते, तसे बंधन इंटिरिअर डिझायनरवर नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून स्थापत्य वा विद्युत पदविका घेणाऱ्यांना साइट पर्यवेक्षणाचा मार्ग मोकळा आहे आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. स्वयंपाकघराची आखणी करणाऱ्या सल्लागारांत मात्र हॉटेल व्यवस्थापन शिकलेले अधिक उपयोगी ठरतात, कारण ताटे धुण्याची जागा कोठे हवी हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

ज्या विद्यार्थ्याला केवळ देखण्या रेखाटनांची ओढ आहे आणि परवानग्यांच्या कागदांचा कंटाळा आहे, त्याला हे काम मानवणार नाही. उरलेल्यांनी बी.आर्क.मधील अनिवार्य प्रशिक्षणासाठी मोठ्या नावापेक्षा प्रत्यक्ष साइटवर पाठवणारे कार्यालय निवडावे, आणि पालकांनी, सुरक्षिततेची खात्री करून, त्या काळातील रात्रपाळीला हरकत घेऊ नये.